सागरतळाचें दर्शन

नांदेड जिल्ह्यांतील बिलोलीच्या बाजूस विहिरींत पोहरा पडला, तर तो शोधण्याच्या कामीं दोन साधनें उपयोगी पडतात. पहिलें साधन गळ. लोखंडी आंकड्यांचा झुबका दोरीला बांधून आंत सोडावयाचा आणि हाताला कांहीं लागेपर्यंत तळ चांचपीत राहावयाचें. दुसरें साधन आरसा. उन्हांत आरसा धरून विहिरींत कवडसा पाडला कीं, पाणी नितळ असल्यास तळ दिसूं लागतो. गळाला पोहरा लागतो; पण तळाशीं आणखी काय आहे, तें गळ सांगत नाहीं. शिवाय तळ ढवळला जातो, तो निराळाच. कवडसा कांहीं वर काढीत नाहीं. पण जें जसें आहे, तें तसें दाखवितो. मनुष्यानें समुद्राच्या तळाशीं जी ओळख करून घेतली, तिचा इतिहास म्हणजे गळाकडून कवडशाकडे झालेला प्रवास होय.

समुद्रापासून शेकडों मैल दूर राहणाऱ्यांस ह्या तळाचें महत्त्व एकाएकीं ध्यानांत येणार नाहीं. तथापि शेतकऱ्याला तें समजावयास अवघड नाहीं. काळी जमीन निराळी, मुरमाड निराळी, चोपण निराळी. आणि जमीन पाहूनच पीक ठरवावें लागतें. समुद्राच्या तळाचीही हीच गोष्ट आहे. कोठें चिखल, कोठें वाळू, कोठें खडक, तर कोठें प्रवाळांचीं रानें. आणि प्रत्येक ठिकाणची वस्ती वेगळी. मासे कोठें अंडीं घालतात, पिलें कोठें आसरा घेतात, हें पुष्कळदां तळावरच अवलंबून असतें. तळ न पाहतां समुद्राची संपत्ति मोजणें म्हणजे जमीन न पाहतां पिकाचा अंदाज बांधणें होय.

जुन्या काळचे खलाशी दोरीला शिशाचा गोळा बांधून पाण्यांत सोडीत. गोळ्याच्या बुडाशीं चरबी लावलेली असे. तिला चिकटून आलेली वाळू किंवा चिखल पाहून ते खालची भूमि ओळखीत. पुढें विद्वानांनीं लोखंडी चौकटीच्या पिशव्या व जाळीं तळावरून ओढण्यास आरंभ केला. एडवर्ड फोर्ब्स ह्या प्राणिशास्त्रज्ञानें १८४१-४२ सालीं एजियन समुद्रांत असें काम केलें. जसजशी खोली वाढली, तसतसे त्याच्या पिशवींत प्राणी कमी येऊं लागले. त्यावरून सुमारें ३०० वावांखालीं, म्हणजे ५५० मीटरांखालीं, जीवसृष्टि नसावी असा तर्क त्यानें केला. हा तर्क साफ चुकीचा होता, आणि पुढील कांहीं दशकांत अधिक खोल पाण्यांतून निघालेल्या प्राण्यांनीं तो खोडून काढला. पिशवी रिती आली म्हणून समुद्र रिता ठरत नाहीं, हा धडा तेव्हांपासून शास्त्रास मिळाला.

भारताच्या समुद्रांत हें कार्य 'इन्व्हेस्टिगेटर' ह्या जहाजानें केलें. मुंबईच्या गोदींत बांधलेलें हें जहाज मोजणीच्या कामावर असे. १८८८ ते १८९२ पर्यंत आल्फ्रेड अल्कॉक हा डॉक्टर निसर्गशास्त्रज्ञ म्हणून त्यावर होता. खोल पाण्यांतील अनेक अपरिचित मासे व खेकडे त्यानें जगापुढें आणले, आणि १९०२ सालीं आपल्या अनुभवांवर ग्रंथही प्रसिद्ध केला. पण त्याच्या हातीं येणारा प्राणी बहुधा मेलेला किंवा मोडलेला असे. तो खालीं कोणाच्या शेजारीं राहत होता आणि काय खात होता, हें जाळ्यास विचारून कळणारें नव्हतें.

त्यानंतर ध्वनि मदतीस आला. समुद्राच्या पाण्यांत आवाज सेकंदास सुमारें १५०० मीटर वेगानें जातो. तळावर आपटून परत येणारा प्रतिध्वनि किती वेळानें ऐकूं आला, हें मोजलें कीं खोली कळते. १९३३-३४ सालीं सेवेल ह्यांच्या नेतृत्वाखालीं 'मबाहिस' ह्या इजिप्शियन जहाजानें अरबी समुद्राची पाहणी केली, तींत ह्या युक्तीचा उपयोग झाला. आज जहाजाखालून शेंकडों ध्वनिकिरण एकाच वेळीं सोडून तळाच्या डोंगरदऱ्यांचे नकाशे काढले जातात. परंतु ध्वनीला आकार कळतो, रंग कळत नाहीं. आणि प्रवाळ जिवंत आहे कीं मृत, हें बहुतांशीं त्याच्या रंगावरूनच ओळखावें लागतें.

म्हणून शेवटीं कवडशाकडेच यावें लागलें. १८९३ सालीं लुई बूतां ह्या फ्रेंच प्राध्यापकानें पाण्याखालीं छायाचित्रें घेतलीं. पण पाणी हा प्रकाशाचा वैरी आहे. तांबडा रंग तर थोड्याच मीटरांत नाहींसा होतो, आणि अधिक खालीं गेल्यास दिवा बरोबर न्यावाच लागतो. १९७७ सालीं प्रशांत महासागरांत गालापागोस बेटांजवळ सुमारें अडीच हजार मीटर खोलीवर जहाजानें एक कॅमेरा ओढीत नेला. त्यानें टिपलेल्या हजारों चित्रांत केवळ तेरा चित्रांत शिंपल्यांची दाट वस्ती दिसली. त्या खुणेनें संशोधक पाणबुडींतून खालीं उतरले, तेव्हां तळांतून निघणाऱ्या उष्ण झऱ्यांभोंवतीं सूर्यप्रकाशावांचून वाढणारी जीवसृष्टि मनुष्यानें प्रथमच पाहिली.

भारतांत १९६६ सालीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यास दोना पावला येथें तिचें मुख्य ठाणें आहे. तेथील अभियंत्यांनीं 'माया' नांवाचें यंत्र तयार केलें. पावणेदोन मीटर लांब आणि सुमारें ५५ किलो वजनाचें हें यंत्र माणसाशिवाय, आणि जहाजाशीं कोणतीही तार न जोडतां, २०० मीटर खोलीपर्यंत जाऊं शकतें. २००६ सालीं त्याच्या चाचण्या झाल्या. पाण्याखालीं रेडिओच्या लहरी पोंचत नाहींत, म्हणून वरून त्याला वाट दाखवितां येत नाहीं. आपण किती वेगानें, कोणत्या दिशेस आलों, ह्याचा हिशेब त्यानें स्वतःच ठेवावा लागतो. चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेचें तारेनें जोडलेलें यंत्र २०१० सालीं हिंदी महासागरांत ५२८९ मीटर खोलीवर पोंचलें. २०२३ सालीं गोव्याच्या संस्थेनें 'सी-बॉट' हें यंत्र खास प्रवाळांच्या पाहणीसाठीं पुढें आणलें. अशा यंत्राचा मोठा गुण असा कीं, तें त्याच जागीं पुनःपुन्हां जाऊन चित्र घेऊं शकतें. समुद्र तापल्यानें प्रवाळ पांढरें पडलें कीं सावरलें, हें मागच्या व आजच्या चित्रांची तुलना केल्यावांचून कळत नाहीं.

अशा पाहणीची गरज कोठें आहे, हें पाहावयास दूर जावयास नको. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें १०५ किलोमीटरांवर समुद्रांत बुडालेलें एक पठार आहे. सरखेल कान्होजी आंग्रे ह्यांच्या नांवावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. लांबी सुमारें ४० किलोमीटर. माथ्यावर पाणी अवघें वीस-पंचवीस मीटर, आणि कडेपलीकडे शेंकडों मीटर. पाणी स्वच्छ असल्यानें तेथें सूर्यप्रकाश पोंचतो व प्रवाळ वाढतें. २०१९ सालच्या डिसेंबरांत 'सिंधु साधना' ह्या जहाजावरून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, महाराष्ट्राचा कांदळवन कक्ष व वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सोसायटी ह्यांनीं मिळून तेथें मोहीम काढली. पाणबुड्यांनीं स्वतः उतरून तळ पाहिला. परंतु पाणबुड्या थोडा वेळ राहतो आणि थोड्याच खोलीपर्यंत जातो. ह्या पठाराचे उतरते कडे पाहणें हें यंत्राचेंच काम होय.

येथें केवळ जिज्ञासेचा प्रश्न नाहीं. तळ खरवडीत जाणारें मासेमारीचें एक जाळें, किंवा एखाद्या जहाजाचा नांगर, शतकांचें प्रवाळ क्षणांत मोडूं शकतो. मालवणचें सागरी अभयारण्य १९८७ सालीं जाहीर झालें. पण तें किनाऱ्यालगत आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे अभयारण्याचा कायदा पोंचत नाहीं, आणि आंग्रिया त्याच्या कितीतरी पलीकडे आहे. तेथें १९७६ सालच्या सागरी क्षेत्रांच्या कायद्यान्वयें केंद्र सरकारास विशेष क्षेत्र ठरविण्याचा अधिकार आहे. तो वापरावयाचा झाल्यास कोठें काय आहे, हें नकाशावर बोट ठेवून दाखवावें लागतें.

यंत्रानें सर्व साधलें असेंही कोणी समजूं नये. गढूळ पाण्यांत कॅमेरा आंधळा होतो. आणि दोन जाति दिसावयास सारख्या असल्या, तर नमुना हातीं घेऊनच निर्णय करावा लागतो. अल्कॉकच्या काळचे जतन केलेले नमुने म्हणूनच आजही मोलाचे आहेत. परंतु नमुना एक पुरे. त्यासाठीं सगळें रान खणावयास नको. आरंभीं मनुष्य जें मोडून बाहेर काढी, तेवढेंच त्यास ज्ञात होत असे. आज न मोडतां पाहण्याची शक्ति त्यास लाभली आहे. तळ दिसत नव्हता, तोंवर त्याची हानि अज्ञानानें होत होती. चित्र हातीं आल्यावर जी होईल, तिला अज्ञान म्हणतां येणार नाहीं.