वाटाण्याचा मुहूर्त

बदलीच्या नोकरीत माणसाला ज्या विद्या नव्याने शिकाव्या लागतात, त्यांत परसातल्या भाजीचे वेळापत्रक ही एक आहे. घाटावर किंवा कोकणात लहानपण गेलेल्या माणसाच्या मनात रोहिणी, मृग, आर्द्रा, हस्त ही नक्षत्रे इतकी पक्की बसलेली असतात की, परप्रांतातील सरकारी बंगल्याच्या आवारात तो पहिला वाफा करतो तोही त्याच हिशेबाने. आम्हीही याला अपवाद नव्हतो. उत्तरेकडील एका जिल्ह्याच्या गावी आम्ही प्रथम राहावयास गेलो, तेव्हा आमची टोमॅटोची झाडे डिसेंबराच्या अखेरीस ऐन भरात आली होती आणि त्यांची वर्णने आम्ही घरी पत्रांतून कळविली होती. जानेवारीतल्या एका निरभ्र, निवांत रात्री ती सारी काळी पडली. सकाळी शेजारचा माळी कुंपणावरून पाहून इतकेच म्हणाला की, पाला पडला. आपल्या भाषेत पाला म्हणजे झाडाची पाने. उत्तर हिंदुस्थानात पाला म्हणजे ती पाने जाळून टाकणारे हिंव. एका शब्दाचा अर्थ ठाऊक नसल्याची किंमत आम्ही दोन वाफ्यांनी मोजली.

या फजितीनंतर, आमच्यासारख्याच एका सदैव परगावी असलेल्या अधिकाऱ्याची बागेची वही वाचावयास मिळाली, आणि प्रश्न केवळ आमच्या अडाणीपणाचा नव्हता असे पाहून थोडे समाधानही झाले. हा अधिकारी म्हणजे अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष टॉमस जेफर्सन. व्हर्जिनियातील माँटिसेलो ही त्याची टेकडीवरची वाडी. परंतु फिलाडेल्फिया, पॅरिस, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशा ठिकाणी त्याच्या उमेदीची बहुतेक वर्षे गेली. घरच्या पत्रांत तो राजकारणाबरोबरच बागेत काय उगवले याची विचारपूस करी. त्याची ही वही १७६६ साली सुरू होते आणि १८२४ साली संपते. मधल्या काळात एक राष्ट्र जन्मास आले, पण वहीत त्याची चाहूल फारशी लागत नाही. तिची पहिली नोंद ३० मार्च १७६६ ची असून ती जांभळे हायसिंथ फुलू लागल्याची आहे. १९४४ साली एडविन बेट्स यांनी ती संपादून प्रसिद्ध केली.

व्हर्जिनियाचा वसंत हा मोठा फसवा पाहुणा आहे. फेब्रुवारीतच चार दिवस असे उबदार जातात की, कळ्या फुगतात आणि माणसाचे हात फावड्याकडे वळतात. आणि मग एप्रिलात, कधी मे महिन्यातही, हिंव उतरते. तेथे पेरणीचा प्रश्न म्हणजे एक प्रकारची पैजच असते. लवकर पेरावे तर रोपे जळण्याचे भय. थांबावे तर वाटाण्यासारखे थंडीप्रिय पीक शेंगा धरण्याच्या वेळी उन्हाळ्यात सापडण्याचे भय. वाटाणा थोडेसे हिंव सोसतो, घेवडा व काकडी मुळीच सोसत नाहीत. एकाच बागेला एकच मुहूर्त पुरत नाही तो यामुळे.

तेवीस-चोवीस वर्षांच्या जेफर्सनने १७६७ साली २० फेब्रुवारीस वाटाण्याचे दोन वाफे पेरले, एक हळव्या जातीचा व दुसरा मध्यम. ९ मार्चला दोन्ही उगवले. २४ एप्रिलला हळवा वाटाणा ताटात आला. पेरणीपासून ताटापर्यंत ६३ दिवस झाले. बियाण्याचे ५०० दाणे तोलून त्याने वजन लिहिले आणि एका पाइंटात सुमारे २५०० दाणे मावतात हेही लिहून ठेवले. दाणे मोजीत बसणाऱ्या या तरुण वकिलाला घरच्या मंडळींनी हसून घेतले असेल. परंतु अंदाजाच्या जागी आकडा ठेवण्याची ही खोड त्याची कधी सुटली नाही. ४ जुलै १७७६ हा दिवस त्याचा देश स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासाठी आठवतो. त्या जाहीरनाम्याच्या लेखकाने त्याच दिवशी फिलाडेल्फियात चार वेळा उष्णतामापक पाहिला; सकाळी सहा वाजता ६८ अंश फॅरनहाइट व दुपारी एक वाजता ७६ अंश उष्णता होती.

ही खोड निरुपयोगी नव्हती हे मे १७७४ मध्ये दिसून आले. त्या वर्षी ४ मे रोजी समोरची ब्लू रिज पर्वतराजी बर्फाने झाकली गेली आणि दुसऱ्या दिवशी हिंव पडले. गहू, राय, मका, तंबाखूची रोपे यांचा त्याने नाश केला. झाडांची पाने करपली, द्राक्षवेलींचे कोंब मेले. माँटिसेलोवर सुमारे निम्मी फळे गेली, आसपासच्या सखल भागात मात्र एकही उरले नाही. निम्मी वाचली ती टेकडीमुळे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली ऊब आकाशात टाकून देते. तिला लागून थंड झालेली हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साठते. म्हणून नदीकाठची सुपीक काळी जमीन वसंतात अधिक धोक्याची, आणि पाण्याची ओढ असलेला टेकडीचा माथा अधिक सुरक्षित. आमचा वाफाही बंगल्याच्या आवारातील सर्वांत सखल कोपऱ्यात होता, हे येथे कबूल करावयास हरकत नाही.

जेफर्सनचा पुढचा तर्क आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. १७८५ साली पॅरिसात छापलेल्या, व्हर्जिनियाविषयीच्या आपल्या ग्रंथात त्याने लिहिले की, १७४१ पासून १७६९ पर्यंतच्या २८ वर्षांत माँटिसेलोच्या परिसरात हिंवाने फळे मेल्याचे एकही उदाहरण नव्हते. पूर्वी बर्फ पुष्कळ पडे आणि बराच काळ टिके; त्यामुळे कळ्या निजून राहत आणि धोका टळल्यावरच उघडत. पुढे बर्फ कमी झाले, मधूनच ऊब येऊ लागली, कळ्या अवेळी जाग्या होऊ लागल्या आणि मागाहून येणाऱ्या हिंवात सापडू लागल्या. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवर त्याने यात फार भिस्त ठेवली, हा दोष मानला पाहिजे. परंतु हिवाळा सौम्य झाला म्हणजे वसंत सुरक्षित झाला असे नव्हे, हे मर्म त्याने नेमके पकडले. आज वसंत अनेक देशांत पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागला असताना फळबागांचे अभ्यासक याच पेचाशी झुंजत आहेत.

अध्यक्षपदाची आठ वर्षे वॉशिंग्टनमध्ये काढताना त्याला माती लाभली नाही, तेव्हा त्याने बाजार हीच बाग मानली. कोणती भाजी वर्षात प्रथम केव्हा आली आणि शेवटची केव्हा दिसली, याचा ३७ भाज्यांचा तक्ता त्याने त्या आठ वर्षांत तयार केला. आमच्या वाचकांपैकी ज्यांना बंगला नाही, केवळ क्वार्टर आहे, त्यांनी हा तक्ता अवश्य मनावर घ्यावा. नव्या गावचा ऋतू कळण्यास मंडईसारखे पंचांग नाही.

मार्च १८०९ मध्ये तो निवृत्त झाला. शेवटचा प्रवास त्याने घोड्यावरून, हिमवादळाला तोंड देत केला आणि १५ तारखेस घरी पोहोचला. दोनच दिवसांनी नव्या अध्यक्षास, म्हणजे आपला मित्र मॅडिसन यास, त्याने पत्र लिहिले. त्यात वसंत फार मागे पडल्याची बातमी आहे: ओट पेरले गेलेले नाहीत, बागेत फारसे काही झालेले नाही, गव्हाला मार बसला आहे, आणि लाल मेपल, लोंबत्या फांद्यांचा विलो व लायलॅक यांखेरीज कोठेही हिरवळीची खूण नाही. चाळीस वर्षे चाकरी करून आलेला हा गृहस्थ पेरणीपूर्वी तारीख पाहत नाही, झाडे पाहतो. झाडांना ऊब साठल्याशिवाय फसवता येत नाही. छापील पंचांगाला मात्र एकाच दिवशी साऱ्या देशास लागू पडण्याची सवय असते. तीन वर्षांपूर्वी फिलाडेल्फियाच्या बर्नार्ड मक्मेहन याने महिन्यावार कामे सांगणारे उद्यानपंचांग प्रसिद्ध करून त्याला भेट दिले होते. जेफर्सनने ते आदराने वापरले, पण आपल्या टेकडीचे वेगळे पंचांग स्वतः मांडले: कोठे पेरले, केव्हा पेरले, ताटात केव्हा आले, केव्हा संपले. १८०९ च्या त्या रकान्यांत किती तरी ठिकाणी 'फसले' इतकाच शेरा आहे. सरकारी अहवाल लिहिण्यात हयात गेलेल्या माणसाने इतके निर्मळ अपयश लिहावे, याचे आम्हांस कौतुक वाटते.

फसण्यावर त्याचा एक उपाय होता. सारे बी एकाच दिवशी जमिनीत टाकायचे नाही. लेट्यूस तर १ फेब्रुवारीपासून १ सप्टेंबरपर्यंत दर सोमवारी सकाळी अंगुस्तानभर पेरावे, असा त्याचा नियम होता. एक पेरणी हिंवाने नेली तरी मागची उभी राहते. वाटाण्याच्या बाबतीत मात्र हौस हिशेबावर मात करी. फार्मिंग्टनचे जॉर्ज डायव्हर्स आणि इतर शेजारी यांच्यात दर वर्षी चुरस असे, आणि ज्याचा वाटाणा प्रथम ताटात येई तो इतरांस जेवावयास बोलावी. डायव्हर्स बहुधा जिंके. एका वर्षी माँटिसेलोचा वाटाणा आधी आला, तेव्हा जेफर्सनने घरच्यांस गप्प राहावयास सांगितले. मित्राला आपण कधी हरत नाही असे वाटत राहावे, ही त्याची इच्छा. कुटुंबातील ही आठवण त्याच्या नातवामुळे टिकली.

ही गोष्ट गोड आहे, पण तेथेच थांबणे खोटेपणाचे होईल. टेकडीच्या आग्नेय उतारावर १००० फूट लांब व ८० फूट रुंद असा जो सपाट पट्टा दगडी भिंतीच्या आधाराने तयार करण्यात आला, तो गुलामांनी खणला. वहीतले 'पेरले' हे क्रियापद बहुधा कर्त्यावाचून येते. मुहूर्त धनी ठरवी, गारठलेल्या मातीत हात दुसऱ्यांचे जात. वॉर्मली ह्यूज हा त्या बागेतला प्रमुख माळी गुलाम होता. या लोकांच्या झोपड्यांमागे त्यांचे स्वतःचे वाफेही असत. दिवस मालकाचा असल्यामुळे तेथील काम रात्री किंवा रविवारी होई. त्यांना झाडे पाहून दिवस निवडण्याची मोकळीक नव्हती. तरीही जेफर्सनची नात ॲन रँडॉल्फ हिच्या १८०५ ते १८०८ च्या हिशेबवहीत, मोठ्या घराने याच लोकांकडून भाज्या, अंडी, कोंबड्या रोख पैसे देऊन विकत घेतल्याच्या नोंदी आहेत. देशातील एका नामांकित बागेच्या मालकाला आपल्याच गुलामांच्या परसातून काकड्या विकत घ्याव्या लागत. त्या लोकांची पेरणीची वही कोणी लिहिली नाही. ती असती तर आम्ही ती आधी वाचली असती.

जेफर्सन ४ जुलै १८२६ रोजी वारला. त्याची कबर वॉर्मली ह्यूजने खणली. धन्याच्या मागे कर्जाचा डोंगर होता. ह्यूजला मुलीने अनौपचारिकपणे मोकळे केले. त्याची पत्नी अर्सुला व मुले मात्र १५ जानेवारी १८२७ पासून सुरू झालेल्या लिलावात विकली गेली. त्या लिलावाच्या जाहिरातीत १३० माणसांचा आकडा आहे. १७६७ सालच्या वहीच्या हिशेबाने वाटाण्याच्या पहिल्या पेरणीस तेव्हा पाच आठवडे उरले होते.