मुंबईची बिनपाटीची रंगस्थळे : छबिलदास ते आरामनगर

मुंबई : गच्ची, शाळेचे सभागृह, बैठ्या घरातील खोली अशा ठिकाणी, जाहिरातीविना, ओळखीतून जमलेल्या पाच-पन्नास रसिकांसमोर प्रयोग करण्याची परंपरा मुंबईत सहा दशकांहून जुनी आहे. तिला ‘भूमिगत’ म्हटले जाते. वस्तुतः लपण्याची हौस क्वचितच कुणाला असते. अडचण जागेच्या भाड्याची आणि परवान्यांची असते.

इब्राहिम अल्काझी यांनी कंबाला हिल येथील राहत्या इमारतीच्या गच्चीवर ‘मेघदूत’ रंगमंच उभारला होता. त्याच काळात वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत रविशंकर यांचे संगीत आणि हुसेन, गायतोंडे यांची चित्रकला शेजारी नांदत होती. अल्काझी १९६२मध्ये दिल्लीला गेले. ‘थिएटर युनिट’ची धुरा सत्यदेव दुबे यांनी सांभाळली.

या परंपरेचा खरा बहर दादरच्या छबिलदास शाळेत आला. अरविंद व सुलभा देशपांडे, विजय तेंडुलकर आदींनी १९७१मध्ये स्थापलेल्या ‘आविष्कार’ने १९७४पासून शाळेचे सभागृह प्रयोगांसाठी घेतले. स्थानकापासून काही मिनिटांवरच्या या सभागृहात ना मखमली पडदा, ना आरामखुर्च्या. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. प्रेक्षकांना कोठे बसवायचे, हेही दिग्दर्शक ठरवू शकत असे. अन्य संस्थांनाही ही जागा परवडणारी होती. हिंदीत काम करणारे दुबेही येथे प्रयोग करीत. गल्लीतल्या वड्याचा वासही अनेकांच्या आठवणीत प्रयोगाइतकाच ताजा आहे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी ही जागा सुटली आणि ‘आविष्कार’ माहीमच्या महापालिका शाळेत गेली.

आज असे प्रयोग मुख्यतः वर्सोव्याच्या आरामनगरात होतात. महायुद्धकाळात लष्करासाठी बांधलेल्या या बैठ्या घरांत आता तालीमखोल्या, ऑडिशनची कार्यालये आणि चिमुकली रंगस्थळे आहेत.

कायद्याचा प्रश्न मात्र जुनाच आहे. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता संमत करून घ्यावी लागते. ‘सखाराम बाइंडर’चा १९७२मधील न्यायालयीन लढा याच व्यवस्थेशी होता. या पूर्वपरीक्षणाला अमोल पालेकर यांनी २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. डिसेंबर २०१७मध्ये कमला मिल आगीत १४ जणांचा मृत्यू झाल्यानंतर अग्निसुरक्षेचा प्रश्नही ऐरणीवर आला. एकच दरवाजा असलेल्या खोलीत प्रयोग करणाऱ्यांना तो टाळता येणारा नाही. त्यातच आरामनगरावर पुनर्विकासाचे सावट अनेक वर्षांपासून आहे.