किंगमियरचा खडक, मे १९७५

मे १९७५. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं लिटलहॅम्प्टन. नुकतं उजाडलंय. ॲरन नदीच्या धक्क्यावरची लोखंडी शिडी शेवाळाने बुळबुळीत झाली आहे. आधी रॉड खाली द्या, मग जपून उतरा. दिवसाच्या भाड्याने ठरवलेली लाकडी बोट, त्यात आठ-दहा हौशी मंडळी आणि सगळ्यांच्या आधी जागा झालेला स्किपर. त्याला घाई आहे. ओहोटी लागली की नदीच्या मुखाशी पाणी उथळ होतं आणि उशीर करणाऱ्याची बोट आतच अडकते.

बाहेर पडल्यावर बराच वेळ नुसतं इंजिन. मग तो वेग कमी करतो आणि मागे वळून किनाऱ्याकडे बघायला लागतो. उपग्रहावरून जागा दाखवणारं यंत्र या बोटीवर नाही. उत्तरेला साउथ डाउन्सच्या टेकड्यांवर झाडांचा एक गडद ठिपका दिसतोय ना? ती चँक्टनबरी रिंग, १७६० मध्ये लावलेली बीच वृक्षांची राई. ती राई किनाऱ्यावरच्या एका छपराच्या नेमकी वर आली, बाजूची दुसरी खूणही जुळली, की नांगर पडतो. कोकणातल्या तांडेलाला हे शिकवावं लागलं नसतं.

तुमच्या खाली किंगमियरचा खडक आहे. गळाला स्क्विडची बोटभर पट्टी लावा, शिसं सोडा, तळाला टेकू द्या. ओढ जोरात आहे तोवर फारसं काही घडणार नाही. पाणी मंदावलं की रॉडच्या टोकाला टकटक सुरू होते; आमिष कुरतडलं जातंय. लगेच झटका देऊ नका. टोक ठामपणे वाकलं की मगच उचला. ब्लॅक ब्रीम वजनाने फार मोठा नसतो, पण वर येईपर्यंत पुन्हा पुन्हा तळाकडे मुसंडी मारतो. हातात धरताना पाठीवरचे काटे सांभाळा.

पहिले दोन रुपेरी आहेत. बहुधा माद्या. या माशाचं आयुष्य मादी म्हणून सुरू होतं आणि वाढल्यावर त्यांतले पुष्कळ नर होतात. म्हणजे थोराड नर हा बरीच वर्षं जगलेला मासा. वसंतात तो शेपटीने वाळू-खडी उडवून खालचा खडक उघडा करतो. मादी त्या स्वच्छ दगडावर अंडी चिकटवून निघून जाते. पिल्लं बाहेर येईपर्यंत अंड्यांवर पाणी खेळवायचं, चोरट्यांना हाकलायचं, हे सगळं बापाचं काम. आपल्या आमिषावर तो कित्येकदा भुकेने नव्हे, घरट्यात काहीतरी घुसलं म्हणून धावतो.

बोटीवर हे कुणी बोलत नाही. पेट्या भरताहेत. तुम्हाला मात्र पुढचं ठाऊक आहे. १९८७ च्या ऑक्टोबरात एका रात्रीचं वादळ त्या राईतली बहुतेक झाडं आडवी करेल आणि या किनाऱ्यालगतची केल्पची, म्हणजे मोठ्या समुद्रशैवालाची, जंगलंही उखडेल. झाडं माणसं पुन्हा लावतील. केल्पला मात्र तळ खरवडणारी ट्रॉलची जाळी सावरू देणार नाहीत. ससेक्सच्या किनाऱ्यालगत मोठ्या पट्ट्यात ट्रॉलबंदी यायला २०२१ उजाडेल. किंगमियरला संरक्षण मिळेल २०१३ मध्ये, मुख्यतः या घरट्यांसाठी. मला हा उशीर फार बोचतो. ज्यांना खडकाची जागा दोन खुणांवरून बिनचूक सापडत होती, त्यांना खाली कोण राबतंय हेही कळू शकलं असतं.

पुन्हा टोक वाकलं. हा जड आहे. वर आला तो जवळजवळ काळा, निळसर झाक मारणारा, अंगावर उभे फिकट पट्टे. विणीच्या रंगातला नर. शेजारचा गृहस्थ पेटी पुढे सरकवतो.

हात ओले करा. गळ सोडवा. आत्ताच सोडा, बोट इथे नांगरलेली आहे तोवर. संध्याकाळी बंदराच्या तोंडाशी सोडलात तर त्याची अंडी केव्हाच कुणीतरी फस्त केलेली असतील.

"अहो, सगळ्यांत मोठा होता तो!" शेजारी ओरडतो.

म्हणूनच, असं त्याला सांगा. आणि पाणी थबकलंय तोवर खालच्या घरट्यांबद्दलही सांगून टाका, अगदी सविस्तर. त्याच्या रॉडचं टोकही वाकायला लागलंय.