पेशवाईचा चेहरा आणि जेम्स वेल्स

‘व्यक्तिचित्र’ हा शब्द मराठीत दोन कलांना सारखाच लागू पडतो. लेखकाने शब्दांत उभा केलेला माणूस हे व्यक्तिचित्र, आणि चित्रकाराने रंगांत उतरवलेला चेहरा हेही व्यक्तिचित्रच. साहित्याच्या वर्गात आम्ही पहिल्याची मीमांसा करतो. दुसरे मात्र धड्यासोबतची सजावट म्हणून उलटून टाकतो. खाडिलकरांचे ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ किंवा तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ शिकवताना पेशवा आणि नाना फडणीस यांची जी मुद्रा आपल्या मनात असते, तिचा एक मोठा भाग जेम्स वेल्स या चित्रकाराच्या कुंचल्यातून आला आहे, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

वेल्स मूळचा स्कॉटलंडमधील पीटरहेडचा. जन्म १७४७ चा. त्या काळच्या लंडनमध्ये उमराव आणि धनिक यांच्या व्यक्तिचित्रांचा मोठा बाजार होता. रेनॉल्ड्स, गेन्सबरो, रॉमनी ही त्यातील बडी नावे. त्यांच्या सावलीत वाढणाऱ्या चित्रकारांपैकी काहींनी हिंदुस्थानची वाट धरली. टिली केटल आणि झोफनी हे वेल्सच्या आधी येऊन गेले होते. वेल्स १७९१ मध्ये मुंबईत उतरला. येथे त्याने बेटाची आणि आसपासच्या परिसराची दृश्ये रंगवली. त्यांपैकी बारा दृश्यांचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १८०० मध्ये, प्रसिद्ध झाला. पण त्याचे नाव झाले ते पुण्यात.

पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट असलेल्या सर चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने १७९२ मध्ये तो पुण्यास गेला. काळ मोठा सूचक होता. त्याच वर्षी महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले. सवाई माधवराव अठरा वर्षांचे होते आणि कारभार नानांच्या हाती होता. वेल्सने तिघांचीही तैलचित्रे काढली. त्यांतील पेशवा आणि नाना यांचे एकत्रित चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. अलंकारांनी नटलेला तरुण धनी, त्याच्याजवळ बसलेला साध्या वेषातील कारभारी आणि मागे सेवक, अशी त्याची मांडणी आहे. मानाचे चिन्ह एकाकडे आणि वयाचा अधिकार दुसऱ्याकडे, हे नाते शब्दांवाचून समजते. नाटककारांनी पुढे ज्या ताणाचे नाट्य केले, तो या चित्रात आधीच बसलेला आहे असे आम्हांस वाटते.

तथापि हे चित्र निखळ साक्ष नव्हे. समाजातील प्रतिष्ठितांची चित्रे काढणारा चित्रकार बसणाऱ्याइतकाच आश्रयदात्याचाही बांधील असतो. मॅलेटच्या मनातील मुख्य चित्र दरबाराचे होते. टिपूविरुद्ध १७९० मध्ये इंग्रज, पेशवे आणि निजाम यांचा तह झाला. तो तह पेशव्यांना सादर करण्याचा प्रसंग त्याला भव्य पटावर हवा होता. वेल्स त्या वेळी हिंदुस्थानात आलेलाही नव्हता. म्हणजे प्रसंग आधी घडला आणि चेहरे मागाहून गोळा झाले. वेल्सही ते काम पुरे करू शकला नाही. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने ते सिद्ध केले आणि १८०५ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले. तोवर १८०२ चा वसईचा तह होऊन गेला होता, १८०३ चे युद्धही झाले होते. चित्रातला दरबार समबल मित्रांचा दिसतो. वास्तवातला दरबार तोपर्यंत दुबळा झाला होता. हे चित्र आज टेट संग्रहालयात आहे.

या पटाच्या कडेला आणखी दोन नावे आहेत. एक, मॅलेटची सहचरी अंबर कौर. तिचेही चित्र वेल्सने काढले. दुसरे, पुण्याचा गंगाराम तांबट. वेल्सच्या येण्यापूर्वीच, १७९० मध्ये, त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा रेखाटला होता. पुढे तो वेल्सचा साहाय्यक झाला आणि लेण्यांची चित्रे काढू लागला. त्याची रेखाटने अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. मराठी माणसाच्या हातून झालेले पाश्चात्त्य धाटणीचे इतके जुने काम आमच्या कलाविषयक लेखनात अपवादानेच भेटते.

वेल्सचा शेवट आपल्या उपनगरांच्या भूमीशी जोडलेला आहे. व्यक्तिचित्रांतून सवड काढून तो लेण्यांकडे वळला होता. घारापुरी, वेरूळ आणि साष्टीची लेणी हा त्याचा ध्यास झाला. साष्टी म्हणजे आजचे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ज्यावर वसले आहेत ते बेट. कान्हेरीची लेणी त्याच्याच पोटात. या लेण्यांच्या रेखाटनांचे काम चालू असताना नोव्हेंबर १७९५ मध्ये तो मरण पावला. त्याआधी काहीच दिवस, २७ ऑक्टोबरला, शनिवारवाड्यात सवाई माधवरावांचा अंत झाला होता. चित्रकार आणि त्याचा सर्वांत तरुण राजस विषय एकाच शरद ऋतूत संपले. वेरूळची त्याची चित्रे डॅनियलने १८०३ मध्ये प्रसिद्ध केली.

बखरींनी आपल्याला पेशवाईचे बोलणे दिले. तिचा चेहरा बव्हंशी परकीय आश्रयातून आला. म्हणून तो नाकारावा असे आम्ही म्हणत नाही. बखर वाचताना लिहवून घेणारा कोण, हे आपण विचारतोच. तैलचित्रापुढेही तोच प्रश्न विचारावा. नानांचे चित्र वर्गात दाखवताना त्याखाली वेल्सचे नाव सांगावे, पैसे देणाऱ्या मॅलेटचे सांगावे, आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या गंगाराम तांबटाचेही सांगावे. साहित्याच्या विद्यार्थ्याला व्यक्तिचित्र कसे घडते हे समजण्यास याहून नेटका पाठ क्वचितच मिळेल.