खंडानंतरची उडी



कापड म्हणजे काय हें सोलापूरकरांना सांगावयास नको. ताणा किती ओढावा, वीण किती दाट ठेवावी, सूत कोठें तुटतें आणि कां तुटतें, याची जाण या शहराच्या कित्येक पिढ्यांच्या हातांत आहे. त्याच कापडाच्या एका विलक्षण उपयोगाविषयीं आज बोलावयाचें आहे. डोक्यावर पसरलेलें, दोऱ्यांनीं खांद्यांस जखडलेलें आणि हजारों फुटांवरून माणसाला जिवंत खालीं आणणारें तें कापड म्हणजे पॅराशूट, किंवा आपल्या साध्या भाषेंत हवाई छत्री.

छत्रीच्या शोधाची हकीकत ओघानें येईलच. परंतु माझा मुख्य प्रश्न निराळा आहे. आकाशांतून उडी घेण्यास शिकलेला मनुष्य कांहीं वर्षें जमिनीवरच राहिला आणि मग पुन्हां एकदां विमानाच्या दारांत येऊन उभा राहिला, तर पूर्वीच्या शिक्षणांतलें त्याच्यापाशीं काय उरलेलें असतें? पोहणें एकदां आलें कीं विसरत नाहीं, असें आपण म्हणतों. उडीचेंही तसेंच आहे काय? या प्रश्नाचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां इतिहासास विचारावें हें बरें. आणि सुदैवानें तो इतिहास एका मराठी पलटणीचा आहे.

ता. २२ ऑक्टोबर १७९७ रोजीं पॅरिस शहरांत आंद्रे-झाक गार्नेरॅं नांवाचा फ्रेंच गृहस्थ बलूनमध्यें बसून सुमारें तीन हजार फूट वर गेला आणि कापडी छत्रीच्या आधारानें खालीं आला. छत्रीला वर भोंक नव्हतें. आंत कोंडलेली हवा एकदां या कडेनें, एकदां त्या कडेनें बाहेर पडे आणि खालची टोपली घड्याळाच्या लंबकाप्रमाणें झोके खाई. पुढें छत्रीच्या माथ्यावर हवेसाठीं वाट ठेवण्यांत आली आणि तो दोष बराचसा गेला. त्याच १७९७ सालीं इकडे मुंबई सरकारच्या सैन्यांत देशी शिपायांची एक नवी पलटण उभी राहिली. या दोन घटनांचा त्या वेळीं परस्परांशीं कांहींएक संबंध नव्हता. पावणेदोनशें वर्षांनीं तो कसा जुळला, हें पुढें दिसेल.

हिंदुस्थानांत हा खेळ प्रथम तमाशा म्हणून आला. पर्सिव्हल स्पेन्सर नांवाच्या इंग्रज बलूनवाल्यानें १८८९ सालीं येथें येऊन आपले प्रयोग केले. कलकत्त्याचे कसरतपटु रामचंद्र चतर्जी हे त्याचे शिष्य झाले. त्याच वर्षीं ते बलूनमधून आकाशांत गेले आणि १८९० सालीं त्यांनीं कलकत्त्यांत छत्रीनें उडी घेतली. आपल्या देशांतला हा पहिला शिष्य. त्याच्या मागें मात्र शाळा नव्हती. गुरु परदेशीं निघून गेला, १८९२ सालीं चतर्जी वारले आणि त्यांची विद्या त्यांच्याबरोबरच गेली. यानंतरचा खंड अर्धशतकाचा आहे.

त्या अर्धशतकांत छत्री स्वतः मात्र पुष्कळ बदलली. बलूनच्या दिवसांत ती वर टांगलेली असे. लेस्ली अर्विन या अमेरिकन माणसानें ता. २८ एप्रिल १९१९ रोजीं पाठीवर बांधलेली छत्री घेऊन विमानांतून उडी टाकली आणि मोकळें पडत असतांना आपल्या हातानें दोरी ओढून ती उघडली. मोकळें पडणाऱ्या माणसाची शुद्ध हरपते अशी त्या काळीं अनेकांची समजूत होती. अर्विनची शुद्ध हरपली नाहीं. जमिनीवर उतरतांना त्याचा घोटा मात्र मोडला. यांतला बोध लक्षांत ठेवण्यासारखा आहे. ज्या क्षणाची सर्वांना धास्ती होती तो सुखरूप पार पडला, आणि ज्याचा फारसा विचारच कोणी केला नव्हता, त्या शेवटच्या पावलानें दगा दिला.

दुसऱ्या महायुद्धांत ही विद्या पुन्हां आपल्या देशांत आली, आणि या खेपेस ती शाळा घेऊन आली. ऑक्टोबर १९४१ मध्यें दिल्लीस पन्नासावें हिंदी पॅराशूट ब्रिगेड उभें राहिलें. त्यांत एक गोरी, एक हिंदी आणि एक गुरखा अशा तीन पलटणी होत्या. विमानें जुनीं आणि छत्र्यांची चणचण, अशा स्थितींत शिक्षण सुरू झालें. हिंदी पलटणीचे डॉक्टर लेफ्टनंट रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंग हे उडी घेणारे पहिले हिंदी सैनिक होत.

सैनिकाची छत्री अर्विनच्या छत्रीहून निराळी असते. तिची एक पट्टी विमानाच्या आंतल्या तारेला अडकविलेली असते. शिपाई बाहेर पडला कीं ती पट्टी ताणली जाते आणि छत्री आपोआप उघडते. मग शिपायानें शिकावयाचें तें काय? दारांत उभें कसें राहावें, हुकूम होतांच क्षणाचाही विलंब न लावतां बाहेर कसें पडावें, छत्री नीट उघडली आहे कीं नाहीं हें वर मान करून कसें पाहावें, आणि पाय जुळवून, गुडघे किंचित् वांकवून, कुशीवर लोळण घेऊन जमिनीचा धक्का सर्वांगावर कसा वांटून घ्यावा, हें सर्व. यांतील एकही गोष्ट विचार करून करण्यासारखी नाहीं, कारण विचारास सवडच नसते. म्हणून ती शरीरालाच शिकवावी लागते.

युद्धानें मात्र या उडी शिकलेल्या लोकांस बहुधा पायींच लढविलें. मार्च १९४४ मध्यें मणिपुरांतील संगशाक येथें या ब्रिगेडनें जपानी सैन्याशीं घनघोर झुंज दिली, ती जमिनीवर राहून. त्या मोहिमेंत आकाशांतून माणसांपेक्षां मालच अधिक उतरला. आणि येथें एक गोष्ट सोलापूरकरांस मुद्दाम सांगावीशी वाटते. रेशमी छत्र्यांचा पुरवठा अपुरा पडूं लागला तेव्हां चौदाव्या सैन्याचे सेनापति जनरल स्लिम यांनीं कलकत्त्याच्या गिरणीवाल्यांकडून तागाच्या छत्र्या करवून घेतल्या. त्या माणसांसाठीं नव्हत्या. परंतु धान्य आणि दारूगोळा उतरविण्यास उत्तम चालल्या, आणि रेशमी छत्रीच्या मानानें त्यांचा खर्च अगदींच थोडा होता. युद्धें नकाशांवर आंखलीं जात असतील, पण तीं मागावर विणलेल्या कापडावरही चालतात.

ता. १ मे १९४५ रोजीं रंगूनजवळच्या एलिफंट पॉइंट या ठिकाणीं गुरखा पॅराशूट पलटण आकाशांतून उतरली. हिंदी सैन्याची त्या महायुद्धांतली ही मोठी उडी. यानंतर युद्धभूमीवर सबंध पलटण उतरण्याचा प्रसंग पुन्हां आला तो २६ वर्षांनीं. हाच आपल्या विषयांतला दुसरा मोठा खंड होय.

आतां ती १७९७ सालची पलटण. कालांतरानें तिला ११० वी मराठा पलटण म्हणूं लागले आणि पहिल्या महायुद्धानंतर ती पांचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण झाली. याच पलटणीचे नाईक यशवंत घाडगे, कुलाबा जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचे सुपुत्र, ता. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत एकट्यानें शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि धारातीर्थीं पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युद्ध संपल्यावर १९४६ सालीं या पलटणीस छत्रीचें शिक्षण देण्याचें ठरलें. घाट चढण्यांत आयुष्य घालविलेल्या पायांस आतां आकाशांतून उतरावयाचें होतें.

फाळणीनंतर ही पलटण पन्नासाव्या ब्रिगेडबरोबर काश्मिरांत गेली आणि १९४८ सालीं झांगडच्या लढाईंत तिनें नांव मिळविलें. पण पायीं लढून. १९५२ सालीं ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी, म्हणजे मराठा, पलटण झाली. डिसेंबर १९६१ मध्यें गोवा मुक्त झाला तेव्हांही ती फोंड्याच्या वाटेनें जमिनीवरूनच आंत शिरली. खांद्यावर छत्रीचें चिन्ह आणि पायांत चिखल, अशी वर्षांमागून वर्षें गेलीं.

मधल्या काळांत एक लहानशी पण मोठ्या मोलाची उडी झाली. कोरियाच्या युद्धांत भारतानें साठावें पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हें वैद्यकीय पथक पाठविलें होतें. ता. २३ मार्च १९५१ रोजीं मुनसान येथें अमेरिकन छत्री-सैनिकांबरोबर त्या पथकांतील बारा जणांनीं उडी घेतली. त्यांचे नायक होते लेफ्टनंट कर्नल रंगराज, सुमारें दहा वर्षांपूर्वीं हिंदी सैनिकांत पहिली उडी घेणारे तेच डॉक्टर. पहिल्या उडीच्या वेळीं ते तरुण लेफ्टनंट होते. आतां अकरा माणसांचा भार त्यांच्या शिरावर होता आणि खालीं खरें युद्ध चाललें होतें. पुढें त्यांना महावीरचक्र मिळालें. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या या गांवाला त्या प्रसंगाचें मोल निराळें सांगावयास नको. १९३८ सालीं चीनला गेलेल्या आणि ता. ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच देह ठेवलेल्या त्या सोलापूरच्या डॉक्टरानें जी वाट चोखाळली, तिच्यावरूनच हे दुसरे हिंदी डॉक्टर पूर्वेकडील दुसऱ्या रणांगणावर गेले. एक बोटीनें गेला, दुसरा छत्रीनें उतरला, कार्य एकच.

मग ता. ११ डिसेंबर १९७१ चा दिवस उजाडला. बांगला देशाच्या युद्धांत मैमनसिंगकडून ढाक्याकडे मागें हटणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तोडावयाची होती. टांगाईलजवळ लोहजंग नदीवर पुंगलीचा पूल आहे. तो हातीं घेणें हें काम. दिवस कलत असतां लेफ्टनंट कर्नल पन्नू यांच्या हाताखालीं या मराठा पलटणीचे आणि तिच्या सोबतच्या तुकड्यांचे मिळून सुमारें सातशें लोक आकाशांतून उतरले. सामान इतस्ततः पडलें, तें गोळा करण्यास आसपासचे गांवकरी धांवून आले. पूल हातीं आला, आणि रात्रीं शत्रूनें तो परत घेण्यासाठीं केलेले हल्ले मोडून काढण्यांत आले. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं उत्तरेकडून जमिनीवरून येणारी भारतीय सेना त्यांना येऊन मिळाली. तिच्या आघाडीस होती पहिली मराठा पलटण. आकाशांतून आलेले मराठे आणि पायीं आलेले मराठे त्या परक्या मुलुखांतल्या पुलावर एकमेकांस भेटले. उडीनंतर पांच दिवसांनीं ढाक्यास शरणागति झाली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. १९४५ सालीं उडी शिकलेला विशींतला जवान १९७१ सालीं पंचेचाळिशीच्या पुढें गेलेला, बहुधा निवृत्त होऊन गांवीं शेती पाहात बसलेला असणार. टांगाईलच्या आकाशांत दारापाशीं उभ्या असलेल्या बहुतेकांनीं युद्धांतली उडी त्यापूर्वीं कधींच घेतली नव्हती. तरीही पाय अडखळले नाहींत. कां? कारण युद्धाच्या उडीला खंड पडला होता, सरावाच्या उडीला पडला नव्हता. आग्र्याच्या शाळेंत नव्या जवानाला पांच उड्यांनंतर छत्रीचें चिन्ह मिळे, आणि जुन्यालाही चिन्ह मिळालें म्हणून सराव सुटत नसे. याच आग्र्यास १९५९ सालीं हवाईदलाच्या डॉक्टर गीता चंद यांनीं उडी घेतली आणि भारतीय स्त्रियांत तो पहिला मान मिळविला. चतर्जींची विद्या एका माणसापाशीं होती म्हणून ती त्याच्याबरोबर गेली. या दुसऱ्या विद्येला शाळा होती म्हणून ती २६ वर्षें टिकली.

आज उडी ही केवळ सैनिकांची राहिलेली नाहीं. पुण्याच्या शीतल महाजन यांनीं ता. १८ एप्रिल २००४ रोजीं आपली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर घेतली, २००६ सालीं दक्षिण ध्रुवावर, २०१८ सालीं थायलंडमध्यें चक्क नऊवारी नेसून, आणि २०२३ सालीं एव्हरेस्टच्या समोर. मधल्या काळांत संसार झाला, जुळ्या मुलांचें आईपण आलें. २०११ सालीं पद्मश्रीही मिळाली. त्यांचें उदाहरण पाहून आपल्याकडील अनेक तरुण-तरुणी या छंदाकडे वळतील. त्यांतील कित्येकांना परीक्षा, नोकरी, लग्न, आजारपण अशा कारणांनीं शिक्षण अर्धवट सोडावें लागेल. आणि दोन-चार वर्षांनीं त्यांचें मन पुन्हां वर ओढ घेईल.

अशांनीं काय करावें, हें या क्षेत्रांतील जाणत्यांनीं अगोदरच ठरवून ठेवलें आहे. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचे दंडक पाहा. शिकाऊ उमेदवारास तीस दिवसांचा खंड पडला, तर त्याची पुढची उडी शिक्षकाच्या देखरेखीखालीं व्हावी. पहिला परवाना मिळविलेल्यास यासाठीं साठ दिवसांची मुदत आहे. तीस दिवस! आपल्याकडे शाळेची उन्हाळ्याची सुटी याहून मोठी असते. एवढी कडक मुदत कां, याचें कारण उघड आहे. मोकळ्या पडणाऱ्या माणसाचा वेग ताशीं सुमारें १९० किलोमीटरपर्यंत जातो. त्या वेगांत मूठ कोठें आहे हें आठवून चालत नाहीं. हात तेथें आपोआप गेला पाहिजे. म्हणून परत येणारा विद्यार्थी प्रथम जमिनीवरच उभा राहतो. दोऱ्यांचा पीळ कसा सोडवावा, मुख्य छत्रीनें दगा दिला तर ती कापून राखीव छत्री कशी उघडावी, हें तो टांगलेल्या पट्ट्यांत लटकून पुन्हां घोकतो, आणि मगच विमानांत बसतो.

यांत कष्टाहून अवघड गोष्ट आहे ती मानाची. नवशिक्याला भीति असते आणि ती त्याला सावध ठेवते. परत येणाऱ्याची भीति ओसरलेली असते, पण तिच्याबरोबर हातांतली सवयही ओसरली आहे याची त्याला जाणीव नसते. जुन्या उड्यांचा आंकडा त्याच्या वहींत असतो, शरीरांत नसतो. ज्यानें पूर्वीं दहा उड्या घेतल्या त्यानें अकराव्या उडीपूर्वीं पहिल्या दिवसाच्या वर्गांत पोरांच्या रांगेत बसावें, याला लहान होण्याची तयारी लागते. कर्नल असो वा शिपाई, शाळेनें सर्वांना ती तयारी करावयास लावली, म्हणून टांगाईलचा दिवस साधला.

तेव्हां उडीचें पोहण्यासारखें नाहीं. ती वीणकामासारखी आहे. माग बंद पडला कीं हात जड होतो, आणि पुन्हां बसल्यावर पहिलें बोटभर कापड उसवावेंच लागतें. विणकराला त्यांत कमीपणा वाटत नाहीं. आकाशांतून उतरणाऱ्यालाही वाटूं नये.