कडीपाट उतरवताना

करकंबात एखादा जुना वाडा उतरवायला निघाला की व्यापारी आधी खांबांना टेप लावतो आणि गिऱ्हाईक चौकटीवरचं नक्षीकाम बघतं. मी मान वर करून कडीपाट बघतो. घराण्यात सुतारकी असली तरी माझ्या वाट्याला नवं बांधण्यापेक्षा जुनं उतरवणंच जास्त आलं. त्यात एक गंमत आहे. बांधणाऱ्यानं मातीखाली झाकलेलं सगळं उतरवणाऱ्याला उघडं दिसतं.

आमच्याकडं पाऊस वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही मनात आलं तर. त्यामुळं कौलांपेक्षा माळवद बरं. दगडी तळखड्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर हाताहाताच्या अंतरानं कड्या आणि कड्यांवर आडवे पाट. ऐपत नसेल तिथं पाटाऐवजी किलच्या. त्यावर पाला, चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती, काही घरांत चांगली दीड-दोन फूट.

आता हे पाट कड्यांना कशानं धरलेले असतात? माळवदाखालचे मी जेवढे काढले, त्यातल्या बहुतेकांना खिळाच नव्हता. वरची माती हलवली की पाट हातानं उचलून येतो. कडेला अर्ध्या जाडीची खाच, तीत शेजारच्या पाटाची खाच बसवलेली. उन्हाळ्यात लाकूड रुंदीत आकसलं तरी फट आरपार पडत नाही, ताटात माती गळत नाही. मातीचं वजनच पाट दाबून ठेवायचं. जुन्या सुतारांना खिळे परवडत नव्हते, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्याच वाड्याच्या दारावर डोकेदार खिळ्यांच्या ओळीच्या ओळी असतात. जिथं वजन काम करत होतं तिथं त्यांनी लोखंड घातलं नाही, एवढंच.

माडीवर मात्र हिशेब वेगळा. तिथं माती पातळ आणि वर माणसांची ये-जा, म्हणून पाट ठोकलेले. खिळे लोहाराच्या भट्टीतले, चौकोनी अंगाचे, टोकाला बोथट. टोकदार गोल खिळा तंतूंत पाचरीसारखा घुसतो आणि कडक लाकूड चिरतं. बोथट खिळा तंतू तोडत जातो. तरी आधी सामत्यानं भोक पाडलेलं असायचं, बाभळीला तर हमखास. शिवाय खिळा पाटाच्या एकाच कडेला. दुसरी कड शेजारच्याच्या खाचेत मोकळी, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते.

बाभूळ आमची गावची. तोडून ओंडके काही महिने पाण्यात ठेवायचे, म्हणजे भुंगा लागत नाही. पण तिच्यात कस फार. सालीनं कातडी कमावतात ते उगीच नाही. लोखंडाशी गाठ पडली, ओल लागली की खिळ्याभोवती काळं वर्तुळ उमटतं आणि खिळाही गंजून बारीक होतो. सागाला तेल असतं, त्यात खिळा टिकतो. पण साग इथं उगवत नाही, तो बाहेरूनच यायचा. 1860 साली रेल्वे सोलापूरला पोचली आणि बैलगाडीचा पल्ला कमी झाला. 1906 मध्ये बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी कुर्डुवाडीहून मोडनिंबवरून पंढरपूरला आली, तेव्हा करकंबच्या सावकाराला मोडनिंबावर माल उतरवता आला. ब्रह्मदेशातून सागाचा व्यापार करणारी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन 1863 ची. ज्याला आम्ही सरसकट ‘बर्मा साग’ म्हणतो, तो मुंबई बंदरातून यायचा. 1942 मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि ती वाट बंद पडली.

मग 30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला धरणी हलली. त्या भागातल्या गावांत चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या आणि माणसं त्यांखाली गेली. लाकडी खणांचे सांगाडे कित्येक घरांत उभे राहिले, हे पुढच्या पाहण्यांतही नोंदलं गेलं. लोकांनी दोष दिला तो माळवदाला. तो अर्धाच खरा. सांगाडा पडला नव्हता, पण वरची माती पेलण्यापुरती कमी करा आणि खांब-तुळईच्या कोपऱ्याला तिरपे आधार ठोका, असं नंतरच्या मार्गदर्शनात सांगितलं, तेही बरोबरच होतं. उभं वजन पेलणारा जोड आडवा हिसका पेलेलच असं नाही. आमच्याकडं त्यानंतर माळवदाला कुणी हात लावेना. उजनी धरणाच्या पाण्यानं ऊस आला होता, पैसा होता. स्लॅब पडले आणि वाडे उतरायला लागले.

उतरवलेल्या कड्या-पाटांना गिऱ्हाईक पुण्याकडचं. कुणाला फार्महाऊसपुढं डेक हवा असतो, आमच्या भाषेत उघड्यावरची माडी. तिथं माती नाही, छप्पर नाही, म्हणून वजनाच्या भरवशावर चालत नाही. प्रत्येक कडीवर दोन स्टेनलेस स्क्रू, आधी ड्रिलनं भोक, दोन फळ्यांत पाच मिलिमीटर फट. मालक फट बघून कुरकुरतात. पाणी तिथूनच जाणार, नाहीतर फळी खालून कुजेल, हे सांगावं लागतं.

हे जुने पाट कापायला कारखान्यात देण्याआधी मी प्रत्येकावरून लोहचुंबक फिरवतो. मोडका खिळा आत राहिला तर करवतीचं पातं जातं, आणि माडीच्या पाटांत तो नेमका एकाच कडेला सापडतो.