द्वारीं उभा श्वान

गेल्या सत्रांत प्राचीन भारताच्या इतिहासाच्या तासास महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वाविषयीं आम्ही बोलत होतों. आमच्या वर्गांत एक जन्मांध विद्यार्थी आहे. पांढरी काठी घेऊन तो स्टेशन रस्त्यानें एकटा येतो आणि पहिल्या बाकावर बसतो. व्याख्यान संपत आलें असतां तो उठून म्हणाला, "सर, परदेशांत आंधळ्यांना वाट दाखवणारे कुत्रे असतात. तसा कुत्रा घेऊन मी उद्यां कॉलेजांत आलों, तर मला आंत घ्याल का ?" वर्ग हसला. आम्हीही हसलों आणि घड्याळाकडे पाहून तास संपविला. घरीं आल्यावर मात्र त्या हसण्याची आम्हांस लाज वाटली. ज्या कथेवर आम्ही बोलत होतों, तिच्यांतला प्रश्न नेमका हाच आहे; आणि इतकीं वर्षें ती कथा शिकवूनही तो आमच्या ध्यानांत आला नव्हता.

कथा सर्वांच्या परिचयाची आहे. द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेंत पडले. धर्मराज एकटा उरला, आणि त्याच्यामागून चालणारा एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला व धर्मराजास वर चढण्यास म्हणाला. परंतु कुत्रे बाळगणाऱ्यांस स्वर्गांत स्थान नाहीं, असा तेथला नियमही त्यानें सांगितला. कीर्तनांत ही कथा भूतदयेचें उदाहरण म्हणून येते. पण बारकाईनें पाहिलें तर इंद्राचें कुत्र्याशीं कांहीं वैर नाहीं. त्याची अडचण प्रवेशाची आहे. माणसानें आंत यावें, कुत्र्यानें बाहेर राहावें, अशी ती सोयीची तडजोड होती. युधिष्ठिरानें ती नाकारली. जो आपल्या आश्रयानें आला त्यास टाकून मिळणारें सुख आपल्यास नको, एवढेंच त्याचें म्हणणें. पुढें तो कुत्रा म्हणजे साक्षात् धर्म असल्याचें उघड झालें; पण युधिष्ठिराचा निर्णय त्यापूर्वींच झालेला होता, हें विसरतां कामा नये.

ह्याच ग्रंथाच्या आरंभींही एक कुत्रा हांकलला गेला आहे. जनमेजयाच्या यज्ञस्थानीं सरमेचें पोर आलें, तेव्हां राजाच्या भावांनीं त्यास मारलें. सरमा येऊन विचारूं लागली कीं, माझ्या मुलानें हविर्द्रव्यास तोंड लावलें नाहीं, त्याकडे पाहिलेंही नाहीं. मग त्यास कां मारलें? कोणीं उत्तर दिलें नाहीं, आणि मग तिनें शाप दिला. रामायणाच्या उत्तरकांडांत प्रक्षिप्त मानलेल्या सर्गांत आणखी एक कथा आहे. मार खाल्लेला एक कुत्रा फिर्याद घेऊन रामाच्या द्वारीं आला. पण देवळें, राजवाडे व ब्राह्मणांचीं घरें येथें आम्हीं शिरावयाचें नसतें, असें म्हणून तो उंबऱ्याबाहेरच थांबला. रामानें त्यास आंत बोलावून त्याचें म्हणणें ऐकलें. ह्या तीन कथांवरून दोन गोष्टी दिसतात. कुत्र्यास दाराबाहेर ठेवण्याची रूढि आपल्याकडे फार जुनी आहे, ही एक. त्या रूढीस कारण विचारण्याची परंपराही तितकीच जुनी आहे, ही दुसरी.

आमच्या सोलापूर प्रांतांत ह्या दोन्ही गोष्टी शेजारीं शेजारीं नांदतात. अक्कलकोट आमच्याच जिल्ह्यांत. तेथील स्वामी समर्थांस लोक दत्तावतार मानतात, आणि दत्ताच्या तसबिरींत पायांशीं चार कुत्रे असतातच. शहरालगतच्या बाळें गावीं खंडोबाचें देऊळ आहे. खंडोबाजवळ कुत्रा असतो. इतकेंच नव्हे, तर खंडोबाचे वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवून घेतात आणि उपासनेंत भुंकतातही. पंढरपुरांत नामदेवाची पायरी आहे. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवलेला नामदेव तोच. असें असूनही ज्या हातानें आम्ही दत्ताच्या तसबिरीस हार घालतों, त्याच हातानें रस्त्यावरच्या कुत्र्यास दगड मारतों. आणि एखाद्यास हलकें लेखावयाचें झालें कीं त्यास कुत्रा म्हणतों. देव्हाऱ्यांत मान आणि उंबऱ्यावर अपमान, ही विसंगति आम्हांस खुपत नाहीं, कारण ती लहानपणापासून अंगवळणीं पडलेली आहे.

सेवा करणाऱ्या कुत्र्याची गोष्ट ह्याहून निराळी. माळरानावर मेंढरें घेऊन हिंडणारा धनगर आपल्या कुत्र्यास पाळीव म्हणून लाडावीत नाहीं व भटका म्हणून हांकलीतही नाहीं. लांडग्यापासून कळप राखणारा तो त्याचा सोबती असतो. धनगराच्या वाड्याकडे जावयाचें तर दुरूनच हांक द्यावी आणि धन्यानें कुत्र्यास आवरल्यावर पुढें व्हावें, हा शिष्टाचार खेड्यांतील पोरासही कळतो. काम करणाऱ्या कुत्र्याशीं कसें वागावें, हें ज्ञान आम्हांस परदेशांतून आणावयाचें नाहीं. तें आमच्या माळावर आहेच.

राजदरबारींही ह्याचा एक दाखला आहे. सातारचे थोरले शाहू महाराज यांच्या एका आवडत्या कुत्र्यानें त्यांस वाघापासून वाचविल्याची कथा ग्रँट डफनें नोंदली आहे. महाराजांनीं त्या कुत्र्याच्या नांवें जहागिरीची सनद दिली, त्यास पालखीचा मान दिला, आणि पालखीचा सरंजाम खरोखरच चालू राहिला, असें तो लिहितो. संगम माहुली येथें त्या कुत्र्याची समाधी आजही दाखवितात. डफ ही हकीगत राजाच्या विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून सांगतो. आम्हांस तींत दुसरेंही कांहीं दिसतें. ज्यानें सेवा केली त्याचा दर्जा सेवेवरून ठरवावा, जातीवरून नव्हे, हा विचार त्या विक्षिप्तपणाच्या तळाशीं आहे. रायगडावरील वाघ्याच्या स्मारकाविषयीं २०२५ सालीं मोठा वाद झाला. वाघ्याच्या कथेस समकालीन पुरावा नाहीं, हें इतिहासाच्या अभ्यासकानें मान्यच केलें पाहिजे. पण अशी कथा लोकांस इतकी प्रिय कां व्हावी, हा प्रश्न तरी शिल्लक राहतोच.

इंग्रजी अमलांत कुत्रा हा प्रथमच सरकारी बंदोबस्ताचा विषय झाला. मोकाट कुत्रे मारण्याचा हुकूम मुंबईंत निघाला व दर कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस लागलें. बक्षिसाच्या लोभानें घरांतले कुत्रेही ओढून नेले जाऊं लागले. ता. ६ जून १८३२ रोजीं पारशी लोकांनीं कुत्रे मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशीं बाजार बंद झाला, हिंदु व्यापारीही त्यांत सामील झाले, किल्ल्यांतील गोऱ्यांचा अन्नपुरवठा अडला आणि अखेर सैन्य बोलवावें लागलें. पारशी धर्मांत प्रेतावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा विधि असल्यामुळें त्यांचा संताप स्वाभाविक होता. पुढें १८३४ सालीं सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पुढाकारानें मुंबईंत पांजरपोळ उभा राहिला. सर्व कुत्रे एका मापानें मोजणारा नियम किती अन्याय करतो, हें त्या दंग्यानें दाखविलें.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या कुत्र्याकडे येऊं. अंधांस वाट दाखविण्यासाठीं कुत्र्यांस पद्धतशीर शिक्षण देणें हें पहिल्या महायुद्धाचें अपत्य आहे. रणांगणावर दृष्टि गमावलेल्या शिपायांसाठीं १९१६ सालीं जर्मनींत ओल्डेनबुर्ग येथें गेर्हार्ड श्टालिंग यानें अशी पहिली शाळा काढली. ह्या कामाविषयीं डॉरोथी युस्टिस ह्या अमेरिकन बाईंनीं १९२७ सालीं एक लेख लिहिला. तो मॉरिस फ्रँक नांवाच्या अंध तरुणास वाचून दाखविण्यांत आला. तो स्वित्झर्लंडला गेला, 'बडी' नांवाची कुत्री घेऊन १९२८ सालीं परतला, आणि न्यूयॉर्कचा वाहनांनीं गजबजलेला रस्ता वार्ताहरांच्या डोळ्यांदेखत तिच्यासह ओलांडला. १९२९ सालीं अमेरिकेंत तशी संस्था निघाली. इंग्लंडांत १९३१ सालीं पहिले चार कुत्रे तयार झाले.

रस्ता ओलांडणें मात्र सोपें ठरलें. दार ओलांडणें कठीण. आगगाडींत कुत्र्यास सामानाच्या डब्यांत टाका, हें फ्रँक यासही ऐकावें लागलें. १९३५ पर्यंत अमेरिकेंतील रेल्वे कंपन्यांनीं कुत्र्यास धन्याजवळ बसूं देण्याचें मान्य केलें. सर्व संस्थानांत तसे कायदे होण्यास १९५६ साल उजाडलें. १९९० च्या अपंगांविषयींच्या कायद्यानें हा हक्क देशभर पक्का केला. पाश्चात्य समाज जन्मतःच उदार होता, अशी आमच्यांतील पुष्कळांची समजूत आहे. हा इतिहास ती खोटी पाडतो. तेथेंही इंद्र दारांत उभा होताच. पण युधिष्ठिरांनीं चिकाटी सोडली नाहीं.

आमच्याकडे कुत्र्याच्या सेवेची कदर नाहीं, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. १९९३ च्या मुंबईंतील बाँबस्फोटांनंतर पोलिसांच्या 'जंजीर' नांवाच्या लॅब्रॅडॉर कुत्र्यानें ३,३२९ किलो आरडीएक्स व २४९ हातबाँब हुडकून काढले. नोव्हेंबर २००० मध्यें तो वारला, तेव्हां त्यास सन्मानपूर्वक निरोप देण्यांत आला. स्टेशनावर पोलिसांचा कुत्रा आला कीं लोक आपण होऊन बाजूस सरतात. हा येथें कसा, असें कोणी विचारीत नाहीं. राज्याची सेवा करणारा कुत्रा आम्हांस चालतो. एका आंधळ्या मुलाची सेवा करणारा कुत्रा आला, तर तो स्वच्छ आहे कीं नाहीं, चावेल कीं काय, हे प्रश्न आम्हांस सुचतात. भेद कुत्र्यांत नाहीं. ज्याची सेवा होते त्याच्या वजनांत आहे.

प्रतिपक्षाचें म्हणणें आम्ही हलकें मानीत नाहीं. पिसाळलेल्या कुत्र्याचें भय खरें आहे. त्या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर माणूस सहसा वांचत नाहीं. ता. ७ नोव्हेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शाळा-कॉलेजें, रुग्णालयें, बसस्थानकें व रेल्वेस्थानकें येथून मोकाट कुत्रे हटविण्याचा आदेश दिला, तो ह्याच भयापोटीं. पण आदेश मोकाट कुत्र्यांविषयीं आहे. शिकविलेला, लस टोचलेला, धन्याच्या हातांत ज्याच्या पट्ट्याची मूठ आहे असा कुत्रा मोकाट नव्हे. फाटकावरील पहारेकऱ्यास हा भेद कोणीं समजावून दिला नाहीं, तर १८३२ ची चूक आम्ही उलट्या बाजूनें पुन्हां करूं. दुसरी अडचण ह्याहून बिकट आहे. नव्या पेठेंतील गर्दींत, फेरीवाले, दुचाक्या आणि गल्लोगल्लींचे भटके कुत्रे यांतून असा कुत्रा नेणें सोपें नाहीं. बहुतेक अंध बांधवांस काठीच सोयीची वाटेल. तो त्यांच्या पसंतीचा प्रश्न आहे. आमच्या दारानें तो आधींच निकालांत काढूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.

आणि सोंवळ्याविषयीं म्हणाल, तर पंढरपूरचें दार आमच्यापासून दूर नाहीं. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं तेथें उपोषण केलें, तेव्हां कुठें तें हरिजनांस मोकळें झालें. मनुष्यास मनुष्यानें बाहेर ठेवण्याच्या त्या पापाशीं प्रस्तुत प्रश्नाची बरोबरी करणें अनुचित होईल, आणि आम्ही ती करीत नाहीं. त्या प्रसंगानें एक मात्र शिकविलें : जें दार अनादि म्हणून सांगितलें जातें, त्याची कडी माणसाच्याच हातीं असते.

राहतां राहिला शिष्टाचार. तो थोडक्यांत सांगतां येण्याजोगा आहे. बोलावयाचें तें माणसाशीं, कुत्र्याशीं नव्हे. काम करीत असलेल्या कुत्र्यास हांक मारूं नये, गोंजारूं नये, खाऊं घालूं नये. त्याचें लक्ष ढळलें तर धन्याचा पाय खड्ड्यांत जातो. त्याच्या पट्ट्याची मूठ परक्यानें धरूं नये. मदत हवी का, असें आधीं विचारावें. आपला कुत्रा बरोबर असल्यास तो दूर ठेवावा. ज्यास कुत्र्याचें भय वाटतें, त्यानें तसें मोकळेपणीं सांगावें व जागा बदलून घ्यावी; भिणाऱ्यास हिणविणें हाही अशिष्टपणाच होय. रस्ता केव्हां ओलांडावा हें कुत्रा ठरवीत नाहीं, धनी ठरवितो. मात्र समोरून गाडी येत असतां धन्यानें चालण्याचा इशारा दिला, तर तो न मानण्यास त्यास शिकविलेलें असतें. आज्ञा केव्हां मोडावी हें ज्यास कळतें, त्या प्राण्याचा अपमान करण्यापूर्वीं आम्हीं दोनदां विचार करावा.

पुढच्या तासास आम्हीं वर्गासमक्ष त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली आणि सांगितलें कीं, आमच्या वर्गाचें दार तुला व तुझ्या कुत्र्यास उघडें राहील; कॉलेजच्या फाटकाविषयीं आम्ही लेखी विचारणा केली आहे. तो म्हणाला, "सर, माझ्याजवळ कुत्रा नाहीं, आणि मिळेल असेंही वाटत नाहीं. मला फक्त उत्तर पाहिजे होतें." आमच्या विचारणेस ह्या लेखाच्या वेळेपर्यंत उत्तर आलेलें नाहीं. सरमेसही तें मिळालें नव्हतें.